तुम्ही विचारलेत म्हणून: ब्लोअर वाढवला तर अमोनिया उतरेल का?

सांडपाणी शुद्धीकरणाची गणिती मॉडेल तयार करणे हे माझे काम आहे, असे सांगितले की गृहसंकुलांचे प्रकल्प चालवणारे लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात: "बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त येतो आहे, ब्लोअरची हवा वाढवली की उतरेल ना? एवढ्यासाठी गणित कशाला?" माझे उत्तर असते: कधी उतरेल, कधी मुळीच उतरणार नाही, आणि आपल्या टाकीत यांपैकी काय होईल हे आधी कळावे, यासाठीच गणित.

यातले बरेचसे प्रकल्प एमबीबीआर (मूव्हिंग बेड बायोफिल्म रिअॅक्टर) पद्धतीचे असतात. टाकीत प्लॅस्टिकचे छोटे पोकळ तुकडे, ज्यांना प्रकल्पावर सगळे 'मीडिया' म्हणतात, हवेच्या जोरावर घुसळत राहतात आणि त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर जिवाणूंचा बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्म, धरतो. थरातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात (या साऱ्या क्रियेला नायट्रीकरण म्हणतात), आणि 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे या दोन्ही टप्प्यांना मिळून सुमारे 4.57 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हे जिवाणू जागचे हलत नसल्याने अमोनिया आणि ऑक्सिजन या दोघांनाही विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, थरात झिरपत त्यांच्यापर्यंत यावे लागते.

समजा, टाकीतल्या पाण्यात लिटरमागे 20 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आणि 4 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन आहे. 20 मिलिग्रॅमला नव्वदहून अधिक मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि दोन्ही पदार्थांचा विसरणाचा वेग साधारण सारखाच असतो. त्यामुळे थरात शिरल्यावर आधी ऑक्सिजन संपतो आणि त्याखालचे जिवाणू भरल्या ताटासमोर श्वास कोंडून बसतात. अशा वेळी हवा वाढवण्याचा उपयोग होतो. मात्र अमोनिया 1 मिलिग्रॅमच्या आसपास उतरला की पारडे फिरते: आता आधी अमोनिया संपतो, आणि जादा हवेने केवळ विजेचे बिल वाढते.

हवेचा उपयोग होतो तेव्हा तो किती होतो, हा खरा गमतीचा भाग आहे. थराच्या तळापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नसेल, तर नायट्रीकरणाचा वेग ऑक्सिजनच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे साधे विसरणाचे समीकरण सांगते. म्हणजे ऑक्सिजन दुप्पट केला तरी वेग जेमतेम 1.4 पट. पण एमबीबीआर ज्या देशात विकसित झाले त्या नॉर्वेत 1990च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हा वेग ऑक्सिजनच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढताना दिसला. समीकरण चुकले नव्हते. मीडियाच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा पाण्याचा पातळ, जवळपास निश्चल पापुद्रा त्यात धरलेला नव्हता. पुष्कळदा खरा अडसर तोच असतो, आणि तो ओलांडून जाणारा ऑक्सिजन बाहेरच्या प्रमाणाशी सरळ नाते ठेवतो. म्हणूनच नुसता डी.ओ., म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, मोजून भागत नाही. टाकीत घुसळण कशी आहे तेही पाहावे लागते.

थरात नायट्रीकरण करणारे एकटे नसतात, ही आणखी एक अडचण. सेंद्रिय पदार्थ खाणारे जिवाणू कितीतरी झपाट्याने वाढतात. 20 अंश सेल्सिअसला मॉडेलमध्ये त्यांचा कमाल वाढदर सहसा दिवसाला 6 धरतात, तर नायट्रीकरण करणाऱ्यांचा अवघा 0.8. साहजिकच ते बाहेरची, ऑक्सिजनच्या वाटेवरची जागा बळकावतात. एकाच थरातली ही चढाओढ गणितात मांडण्याची वाट वानर (Wanner) आणि गुयर (Gujer) या दोन संशोधकांनी 1986 साली घालून दिली, आणि आम्ही आजही बहुतांशी तीच चालतो. सोयीची गोष्ट अशी की 0.2 मिलिमीटर जाडीच्या थरातून ऑक्सिजन झिरपायला काही सेकंद पुरतात, तर जिवाणूंची संख्या बदलायला दिवस लागतात. म्हणून प्रत्येक क्षणी ऑक्सिजनचे चित्र स्थिरावलेले आहे असे मानून फक्त जिवाणूंची संथ वाढ मोजत पुढे जाता येते.

थर सुटून पडण्याचा दर मात्र आम्ही सरसकट जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात धरतो. माझ्या मते मॉडेलमधला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे, कारण त्यातला स्थिरांक ज्या त्या टाकीवर जुळवून घ्यावा लागतो.

म्हणून कोणी ब्लोअरबद्दल विचारले की मी आधी टाकीतला अमोनिया, डी.ओ. आणि तिथवर उरलेला बी.ओ.डी. (सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) विचारतो, आणि मग अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, सुमारे 7.14 ग्रॅम अल्कता खर्ची पडते. ती संपली की पीएच घसरतो आणि कितीही हवा दिली तरी हे जिवाणू मंदावतात. पहिले तीन आकडे नोंदवहीत सहसा सापडतात. चौथा बहुतेक ठिकाणी कोणी मोजलेलाच नसतो.