एओडीव्हीला एईएस जोडताना

एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमधल्या एओडीव्हीत, म्हणजे गरज पडेल तेव्हाच रूट शोधणाऱ्या बिनतारी नेटवर्कच्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये, एन्क्रिप्शन घालणं हा एम.ई.च्या प्रकल्पांचा आवडता विषय. सुरुवात मात्र बहुतेकदा उलटी होते. अल्गोरिदम (इथे एईएस) आधी ठरतो, झाकायचं काय हे मागाहून.

रूट शोधायला निघालेलं आरआरईक्यू (रूट रिक्वेस्ट) पॅकेट वाटेतल्या प्रत्येक नोडला वाचावंच लागतं. त्याशिवाय पाठवणाऱ्याकडे परतायचा उलटा रूट टेबलात जात नाही, आणि हॉप काउंटही (ओलांडलेल्या टप्प्यांचा आकडा) दर नोडला एकाने वाढवायचा असतो. त्यामुळे फक्त शेवटच्या नोडलाच उघडता येईल असं ते बंद केलं, तर प्रोटोकॉल पहिल्याच हॉपला अडतो. दर हॉपला उघडायचं, बदलायचं, पुन्हा बंद करायचं; आणि पॅकेट ब्रॉडकास्ट (सगळ्या शेजाऱ्यांना एकदम) असल्याने किल्ली सगळ्यांची एकच. ती किल्ली ज्याच्याकडे आहे असा आतलाच नोड भलामोठा सीक्वेन्स नंबर (रूट किती ताजा हे सांगणारा आकडा) घालून खोटं आरआरईपी (रूट रिप्लाय, म्हणजे उत्तर) पाठवू शकतो. म्हणजे ब्लॅक होल, रूट स्वतःकडे ओढून डेटा गिळण्याचा हल्ला, जसाच्या तसा राहिला. एसएओडीव्हीने (एओडीव्हीच्या सुरक्षित आवृत्तीने) न बदलणाऱ्या फील्डना डिजिटल सही आणि हॉप काउंटला हॅश चेन (मागे फिरवता न येणारी साखळी) लावली ती याचसाठी. नुसतं एईएस लावून ‘सुरक्षित एओडीव्ही’ असं शीर्षक द्यायला माझा जीव होत नाही.

तरीही घालायचंच, तर एईएस-जीसीएम, म्हणजे झाकण्यासोबत पॅकेट बदललंय का हेही तपासणारी एईएसची पद्धत. १२ बाइटचा नॉन्स (दर वेळी नवा असावा लागणारा आकडा) आणि १६ बाइटचा टॅग (तपासणीचा शिक्का), म्हणजे २४ बाइटचं आरआरईक्यू ५२ चं होतं. किल्ली सामाईक असल्याने नुसता काउंटर नॉन्स म्हणून चालत नाही, दोन नोड एकच आकडा वापरतील आणि जीसीएम तिथेच कोसळेल. नोड क्रमांक अधिक काउंटर, असा नॉन्स घ्यावा. ओपनएसएसएल (एईएस तयार देणारी लायब्ररी) जोडायला मॉड्यूलच्या सीमेक (बिल्डच्या) फाइलीत क्रिप्टो लायब्ररीचं नाव घालायचं, एवढंच.

खरी गंमत कोडमध्ये आहे. आरआरईक्यू जातं ते राउटिंग क्लासच्या स्वतःच्या सेंडटू फंक्शनमधून, ० ते १० मिलीसेकंदांच्या जिटरनंतर (मुद्दाम ठेवलेला यादृच्छिक उशीर). आरआरईपी मात्र थेट सॉकेटच्या सेंडटूला दिलं जातं. पहिल्याच ठिकाणी एन्क्रिप्शन घातलं तर आरआरईक्यू नीट पोचतात आणि उत्तरं उघडी येऊन टॅगच्या तपासणीत गळतात. मागितलेला रूट एकही बनत नाही, एरर कुठेच नाही.

दुसरा खड्डा टीटीएलचा, म्हणजे पॅकेटने किती हॉप जायचं त्या मर्यादेचा. बाइट कॉपी करून नवं पॅकेट बनवलं की सॉकेटचा टीटीएल टॅग (हा एनएस-३ चा, जीसीएमचा नव्हे) जुन्या पॅकेटवरच राहतो. पाठवताना मग डीफॉल्ट ६४ लागतो आणि वाढत्या रिंगचा शोध (आधी जवळ, मग दूर) पहिल्याच फेरीत सगळ्या नेटवर्कभर पसरतो. घेताना टॅग हरवला तर पॅकेट पुढे पाठवायचं की नाही हे भलत्याच आकड्यावर ठरतं. शेजारी नोडपर्यंत पिंग जातो, दोन हॉपवर नाही, अशी तक्रार दिसली की आधी हेच पाहावं. टॅग हाताने उचलून नव्या पॅकेटवर ठेवायचा, दोन्ही टोकांना.

सिम्युलेटरचं घड्याळ एका इव्हेंटच्या आत हलत नाही. एईएस चालायला खरा वेळ कितीही लागो, सिम्युलेशनमध्ये तो शून्य. विलंब दाखवायचा तर पाठवणं शेड्यूल करून पुढे ढकलावं लागतं. इथे आकड्यांवर नजर हवी: नोड ट्रॅव्हर्सल टाइम (एक नोड ओलांडायचा गृहीत वेळ) डीफॉल्ट ४० मिलीसेकंद, त्यावरून पहिल्या रिंगची मुदत २४०. सहीसारखं जड काम घालून दर हॉपचा विलंब इतका वाढवला की जाण्यायेण्याचा एकूण वेळ त्या मुदतीपलीकडे गेला, तर उत्तर यायच्या आत नवं आरआरईक्यू सुटतं आणि दोष एन्क्रिप्शनच्या माथी बसतो.

मोजमापात फ्लोमॉनिटर (एनएस-३ चं मोजणीचं साधन) ब्रॉडकास्ट धरतच नाही. म्हणजे हॅलो संदेशांचा (शेजाऱ्यांना ‘मी आहे’ सांगणाऱ्या) बोजा त्यात दिसणार नाही. ५० नोड, दर सेकंदाला एक हॅलो, प्रत्येकी २८ बाइट जादा, म्हणजे १,४०० बाइट सेकंदाला. उलट युनिकास्ट (एकाच नोडला जाणारे) आरआरईपी पोर्ट ६५४ चे फ्लो म्हणून मोजले जातात आणि सरसकट सरासरी काढली तर पॅकेट डिलिव्हरी रेशोत मिसळतात. ते पोर्ट वगळून डेटाचे फ्लो वेगळे काढायचे, आणि कंट्रोलचे बाइट पाठवण्याच्या जागीच ट्रेस लावून मोजायचे.