घंटीत कोंबलेली चिंधी

2024 च्या आडदऱ्यात, म्हणजे जूनअखेरच्या आर्द्रा नक्षत्रात, एका रात्री साडेअकराला मी माझ्या म्हशीच्या घंटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली. लोळी हलू नये, आवाज होऊ नये म्हणून. मग दावं सोडलं आणि दोन म्हशी, एक पारडू घेऊन फॉरेस्टनं मारलेला चर ओलांडला. चराच्या पलीकडे चराईला तीन वर्षं बंद ठेवलेला जंगलाचा तुकडा होता. तो बंद करायच्या ठरावावर व्हीएफसीच्या, म्हणजे गावच्या वन समितीच्या, बैठकीत माझीच सही होती.

मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. सकाळ-संध्याकाळ फॅट मशीनवर बसतो, त्यामुळे कुणाच्या गोठ्यात काय चाललंय हे मला घरच्यांच्या आधी कळतं. त्या उन्हाळ्यात गावचं दूध निम्म्यावर आलं होतं. लोक किटली ठेवून मान खाली घालून उभे राहायचे, दूध कमी आलं हा जणू त्यांचाच गुन्हा.

बाहेरच्यांना वाटतं, खानापुरात कसला दुष्काळ? तालुक्यातल्या कणकुंबीला तर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस. खरंय. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीत 500-600 मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं म्हणतात. पण आमचा दुष्काळ आभाळातून येत नाही, गंजीतून येतो. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. त्या वर्षी राज्यातल्या 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले. भात पोटरीत असताना पाणी तुटलं. पीक गेलं ते दिसतं, त्याबरोबर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, गेलं ते मात्र कुणाच्या पंचनाम्यात येत नाही. दिवाळीनंतर रचलेली माझी गंजी एरवी जूनपर्यंत पुरते. त्या वर्षी होळीला तिची उंची माझ्या कमरेएवढी होती.

त्यात पूर्वेकडची मेंढरं आली. रायबाग, चिकोडी, अथणीकडचे धनगर तसे दरवर्षी सुगीनंतर येतातच. शेतात मेंढरं बसवायची, खत द्यायचं, धान्य घ्यायचं असा जुना व्यवहार आहे. त्या वर्षी तिकडं काहीच नव्हतं म्हणून कळप लवकर आले आणि उशिरापर्यंत राहिले. गावात लगेच सुरू झालं, 'जंगल यांनी खाल्लं.' मीही म्हणालो. आता विचाराल तर अर्धं खोटं. मेंढरं मे महिन्यात खातात ते वाळकं गवत आणि पाला. जंगल ज्या वेळी खरं मरतं त्या वेळी मेंढरं परतीच्या वाटेवर होती आणि जंगलात आमच्या म्हशी होत्या.

हे मला समजलं ते चर ओलांडल्यावर. बॅटरीच्या उजेडात म्हैस चरताना बघत उभा होतो. जमीन भिजून लोण्यासारखी झालेली. नवं पोपटी गवत, बोटभर. म्हैस जिभेनं वेढा घालते आणि ओढते. एरवी गवत तुटतं. त्या रात्री तुटत नव्हतं, ठोंब मुळासकट वर येत होता. तिनं एक ठोंब तोंडातून खाली टाकला, मी उचलून पाहिला. शेड्याचा होता. खालचा भाग कांद्याच्या पातीसारखा पांढरा, मुळांना चिखल, आणि वर दोन-तीन कोवळ्या काड्या. बस्स एवढंच. उन्हाळाभर त्या मुळांनी जे साठवून ठेवलं होतं ते सगळं त्या दोन काड्यांत आलेलं. ते खाल्लं की परत फुटायला खाली काही शिल्लक नसतं. तीच काडी श्रावणात खाल्ली असती तर चार दिवसांत पुन्हा फुटली असती.

शेडा, पवन्या, मारवेल ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं अशी गेली की त्यांच्या जागी कुसळी येते, टाकळा येतो, घाणेरी आणि रानमोडी येते. कुसळी कोवळी असेपर्यंतच तोंडाला लागते, बाकीचं म्हैस खात नाही, गवाही फारसा खात नाही. मग गवे कुठं येतात? आमच्या उसात. तेव्हा आम्ही फॉरेस्टला शिव्या घालतो.

गार्ड आला पहाटे. बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि लगेच खाली घेतली. कन्नड मुलूखातला पोरगा, मराठी आमच्याकडंच शिकला. "काय वो सेक्रेटरी, तुमी पण?" एवढंच म्हणाला. त्यानं घंटीतली चिंधी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. दंड झाला, पावती मिळाली. 1871 सालीच गोऱ्या साहेबानं कोंडवाड्यांचा कायदा केला होता, पण त्या पावतीपेक्षा त्या चिंधीची लाज मला जास्त वाटली.

घरी थोरले चुलते, अण्णा, ओसरीवर बसलेले. त्यांना पश्चात्ताप वगैरे मान्य नाही. "दुष्काळात जंगल उघडायचं न्हाई, मग कवा उघडायचं गा? पिकलं त्या साली?" प्रश्न चोख आहे. मला त्याचं उत्तर द्यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि उत्तर अण्णांच्याच तोंडातल्या 'कवा' या शब्दात होतं हे त्याहून उशिरा कळलं.

उत्तर सांगितलं गवळीवाड्यावरच्या म्हातारीनं. गवळी धनगरांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या या रानात आहेत, आणि गावातल्या बैठकीत सगळा दोष त्यांच्यावर ढकलायची आमची जुनी खोड. मी सोसायटीच्या कामानं गेलो होतो. तिला म्हटलं, तुमच्या इतक्या म्हशी, तरी तुमच्या बाजूचं रान बरं कसं? ती म्हणाली, "मिरगात म्हस खोल रानात न्हेत न्हाई आमी. मिरगात रान पोटुशी असतंय. म्हातारा सरला की मग चार म्हणावं, काय चरायचं ते."

मी घरी येऊन पंचांग काढलं. मिरग 7-8 जूनला लागतो. मग आडदरा, मग तरणा, मग म्हातारा. चार नक्षत्रं, प्रत्येकी चौदा दिवसांच्या आसपास, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत जेमतेम आठ आठवडे. गवताला मुळं धरायला लागतात तेवढेच. पहिल्या पावसानंतर काही आठवडे कुरणात गुरं सोडू नका, हे जाणकारही सांगतात. म्हातारीला आठवडे मोजता येत नव्हते आणि मला नक्षत्रं मोजायची सवय गेली होती.

म्हणून अण्णांना माझं म्हणणं असं. उन्हाळ्यात जंगल उघडा. मार्च ते मे वाळकं गवत खाऊ द्या, उलट ते कमी झालं तर वणव्याला जळण कमी. दसऱ्यानंतर कापून न्यायलाही द्या. पण मिरगाला दार लावा, आणि दुष्काळाच्या पुढच्या वर्षी तर कडी-कुलूप घाला. आपण बरोबर उलटं करतो. दुष्काळ जाहीर झाला की परवानगी, सवलत, दया. पाऊस पडला की दुष्काळ संपला असं धरून सगळे डोळे झाकतात. आणि गंज्या रिकाम्या झालेल्या असतात त्या नेमक्या तेव्हाच. गुरं उपाशी आणि गवत बाळंतीण, दोघांची गाठ एकाच पंधरवड्यात पडते.

खात्याचं म्हणाल तर कागद पुष्कळ आहेत. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीत लिहिलंय की चराई गावाला बरोबर घेऊन नियंत्रित करावी. 2006 च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क मान्य केलाय, फिरत्या पशुपालकांचासुद्धा. आमच्या तालुक्यातल्या भीमगडासारख्या अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुख्य वन्यजीव रक्षकाला चराईवर नियंत्रण किंवा बंदी घालता येते. अभयारण्यापासून 5 किलोमीटरच्या आतल्या गुरांचं लसीकरण करायचं असं त्याच कायद्यात आहे, आणि 2022 मध्ये लम्पीनं गोठे रिकामे केल्यावर ते कलम मला पाठ झालं. महसुलाच्या नियमात दर शंभर गुरांमागे 30 एकर गायरान ठेवायचं असंही आहे. आमच्या गायरानात आता काय काय आहे ते मी लिहीत नाही, मला गावात राहायचंय.

या कागदांतून गावापर्यंत पोचतो तो एकच, बंदीचा. आमच्या पंचायतीच्या भिंतीवर तो चिकटवला तेव्हा पूर्ण कन्नडात होता. आम्ही सात-आठ जण पुढं उभे. माझ्या पिढीची अक्षरओळख आहे, पण सरकारी कन्नड वाचायचं म्हणजे गुडघाभर चिखलातून चालणं. शेवटी कन्नड शाळेतली सातवीची पोरगी वाचत गेली आणि अर्थ सांगत गेली. 'मेयिसुवुदु' म्हणजे चारणं, ती म्हणाली. अण्णांनी विचारलं, "आणि कवापासून कवापर्यंत?" ती म्हणाली, "ते न्हाई आजोबा यात."

2025 च्या जूनमध्ये राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चामराजनगर जिल्ह्यात मले महादेश्वर अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे चार बछडे विषानं मेले. वाघानं मारलेल्या गाईत विष घातलं होतं. पेपरात ते फोटो बघून जेवण गेलं नाही. जुलैमध्ये वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी जंगलातल्या चराईला बंदी करण्याबद्दल अधिकाऱ्यांना लिहिलं. त्यात शेजारच्या राज्यातून येणाऱ्या गुरांचा मुद्दा होता. तिकडं ते तामिळनाडू. आमच्याकडं शेजारचं राज्य म्हणजे महाराष्ट्रातलं चंदगड, म्हणजे माझ्या बहिणीचं सासर. तिच्या दिराची म्हैस ओढा ओलांडून इकडं आली की आंतरराज्य होते. सीमाप्रश्न आम्हाला इतकी वर्षं सुटला नाही, आता म्हशीनंही सोडवायचा. वाघिणीचं मरण मी हलकं करत नाहीये. गाय रानात एकटी सोडणारा आणि विष घालणारा, दोघंही आमच्यासारखेच कुणीतरी असणार. पण वर्षभराची सरसकट बंदी कुणी पाळत नाही, पाळूच शकत नाही. आठ आठवड्यांची पाळता येईल, गंजी असेल तर.

म्हणून हिशोब मांडला. पहिली दोन नक्षत्रं निव्वळ पिंजरावर काढायची, पुढची दोन बांधावरचं गवत कापून. नुसत्या पिंजरावर एका म्हशीला दिवसाला 8 किलो धरलं तर 28 दिवसांचं सव्वादोनशे किलो. दूध यानं वाढणार नाही, म्हैस फक्त उभी राहील. मीठ-गुळाचं पाणी मारलं तर जरा आवडीनं खाते. सोसायटीच्या सभेत सांगितलं, प्रत्येकानं एवढं पिंजर दिवाळीतच बाजूला काढून माळ्यावर टाकायचं, त्याला 'मिरगाची गंजी' म्हणायचं, आणि ऊन कितीही पडो, हात लावायचा नाही. ज्याला भातशेती नाही त्याला सोसायटीनं दुधाच्या बिलातून कापून घ्यायच्या बोलीवर पिंजर द्यायचं. गवळीवाड्यावरच्यांना शेत नाही, म्हणून पहिला हप्ता त्यांना. यावर चांगलीच बाचाबाची झाली. एकजण म्हणाला, "त्यास्नी कशाला, ती रानातच ऱ्हात्यात की." मी म्हटलं, युक्ती त्यांची आहे. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आला, बोलला नाही.

सव्वीस घरांपैकी चौदा जणांनी गंजी वेगळी काढली. एप्रिलमध्ये त्यातल्या तिघांनी मोडली, एकानं लग्नात मांडवाला आलेल्या पाहुण्यांच्या बैलांसाठी, असं त्याचं म्हणणं. आता बैलगाडीनं लग्नाला कोण येतं? मे महिन्यात माझी म्हैस व्याली. बायको शिडी लावून माळ्यावर चढली आणि वरूनच विचारलं, "दोन पेंड्या घेऊ काय वो? एवढी व्यालीया बिचारी." मी खाली शिडी धरून उभा होतो. तिला म्हटलं, चारच घे.