आघाडी फुटली ती आठव्या जागेवर

आमच्या राजकीय सिम्युलेशनमधली, म्हणजे निवडणूक आणि सभागृहाच्या ऑनलाइन खेळातली, तीन पक्षांची आघाडी मोडली तेव्हा सगळीकडे एकच शब्द फिरत होता: गद्दारी. आघाडीचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मतांचे तक्ते, उमेदवारांच्या याद्या, कराराचा मसुदा, सगळं माझ्या फाइलमध्ये. ती फाइल सुरुवातीपासून पुन्हा वाचली तर गद्दारी शेवटच्या दोन दिवसांत दिसते. त्याआधीचा महिना निव्वळ भागाकाराचा आहे.

आधी खेळाची रचना, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. सभागृह १५ जागांचं, म्हणजे बहुमत ८. टर्म सहा आठवड्यांची. मत यादीला द्यायचं, उमेदवाराला नाही. यादीला जितक्या जागा मिळतील तितकी वरची नावं सभागृहात जातात. जागा डी हाँट पद्धतीने मिळतात. व्हिक्टर डी हाँट या बेल्जियन वकिलाने १८७८ साली मांडलेली ही पद्धत सिम्युलेशनवाल्यांना फार आवडते, कारण स्प्रेडशीटमध्ये पाच मिनिटांत बसते. प्रत्येक यादीच्या मतांना १, २, ३, ४ असं भागत जायचं, सगळे भागाकार उतरत्या क्रमाने एका रांगेत लावायचे आणि वरचे पंधरा उचलायचे.

पक्षांची नावं इथे कामाची नाहीत. थोरला, मधला, धाकटा म्हणतो. आघाडीच्या आधीच्या निवडणुकीत थोरल्याला २९ मतं होती, मधल्याला १६, धाकट्याला ८. समोर एक मोठा पक्ष ३५ मतांचा आणि एक लहान १२ मतांचा. बेरीज बरोबर १००, म्हणून आकडे डोक्यात राहिले. तिघे वेगवेगळे लढले आणि जागा आल्या ४, २, १. एकूण सात. समोर ६ आणि २, म्हणजे आठ. पंधरावी जागा समोरच्या मोठ्या पक्षाला गेली ती ३५ भागिले ६, म्हणजे ५.८३ वर. थोरल्याचा पाचवा भागाकार होता २९ भागिले ५, म्हणजे ५.८०. तीन शतांशांनी सरकार हुकलं.

मग एकत्र यादीचा विचार येणारच. ५३ मतांची एक यादी केली की आठवा भागाकार ६.६२ येतो, समोरच्याचा सहावा ५.८३ वरच अडतो, आणि जागा होतात आठ. मतदार तेच, मतं तीच, एक जागा जास्त. डी हाँट मोठ्या यादीकडे थोडी झुकते, त्यामुळे अशी एखादी जागा अनेकदा निघते. दर वेळी निघतेच असं नाही. आधी हिशेब करून बघावा लागतो. समोरच्यांची मतं तीच राहिली तर ५३ वरून ४७ पर्यंत घसरूनही आठवी जागा टिकते (४७ भागिले ८ म्हणजे ५.८७), ४६ ला जाते. म्हणजे सहा जण मत द्यायला विसरले तरी चालतं, सातवा विसरला की गेलं.

इथवर सगळे खूश होते. करार दोन पानांचा झाला. त्यातलं जागावाटपाचं कलम असं: ‘जागांचं वाटप पक्षांच्या ताकदीच्या प्रमाणात होईल.’ कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

सात जागा कोणाच्या यावर वाद नव्हता: ४, २, १. आठवी कोणाची? थोरल्याने डी हाँटच आघाडीच्या आत लावली. २९ ला पाचने भागून ५.८०, मधल्याच्या १६ ला तीनने भागून ५.३३. जागा थोरल्याची. मधल्याने मोठ्या शेषाची पद्धत लावली. ५३ भागिले ८, म्हणजे एका जागेला ६.६२५ मतं. त्या हिशेबाने थोरल्याच्या ४.३८ जागा, मधल्याच्या २.४२, धाकट्याच्या १.२१. पूर्णांक वाटून झाल्यावर सर्वांत मोठा शेष मधल्याचा. जागा मधल्याची. दोन्ही पद्धती खऱ्या निवडणुकांमध्ये वापरलेल्या आहेत, दोन्ही ‘प्रमाणात’ आहेत. जर्मनीने १९८७ च्या निवडणुकीपासून डी हाँट सोडून मोठ्या शेषाची पद्धत घेतली होती, हे मधल्याच्या माणसाने दोनदा ऐकवलं.

यावर मधल्याने सदस्य नोंदणीही पुढे केली. नोंदणीत ४१, ३० आणि ९ नावं, बेरीज ८०, दहा नावांना एक जागा. म्हणजे ४.१, ३.०, ०.९. परत तिसरी जागा मधल्याची. हा युक्तिवाद मात्र कच्चा होता. मधल्याच्या तिसांपैकी मत दिलं होतं सोळांनी. बाकीची भूत खाती. कधीतरी येऊन गेलेली, कोणी काढून न टाकलेली. धाकट्याच्या नवांपैकी आठांनी मत दिलं होतं. नोंदणीवर जागा वाटल्या की जो पक्ष आपली यादी साफ ठेवतो त्यालाच फटका बसतो. म्हणून जागावाटपात मागच्या निवडणुकीत पडलेली मतंच धरावीत, नोंदणी नाही.

इस्रायलमध्ये दोन पक्ष उरलेल्या मतांचा करार करू शकतात, म्हणजे जागा मोजताना दोघांची मतं एकत्र धरली जातात, पण मिळालेल्या जागा आपसांत कशा वाटायच्या हे तिथे कायदाच ठरवतो; निवडणूक कायद्यातल्या १९७३ च्या बादर-ऑफर दुरुस्तीपासून आधी सगळ्या याद्यांमध्ये आणि मग त्या दोघांमध्ये, दोन्ही टप्प्यांना डी हाँटच लागते. भांडायला जागाच नाही. आमच्या कराराला तेवढी एक ओळ पुरली असती.

जागावाटपाचं गुऱ्हाळ आठवडाभर चाललं आणि त्या आठवड्यात धाकट्याच्या एका हुशार माणसाने जोड्या मांडून बघितल्या. हा तक्ता मी आधी करायला हवा होता. थोरला आणि धाकटा एकत्र, मधला वेगळा: ६ अधिक २, आठ. मधला आणि धाकटा एकत्र, थोरला वेगळा: ४ अधिक ४, आठ. थोरला आणि मधला एकत्र, धाकटा वेगळा: ७ अधिक १, पुन्हा आठ. तिघांनी एका यादीत येण्याची गरजच नव्हती. कोणतेही दोघे पुरत होते. शिवाय धाकटा ज्याच्या ताटात बसेल त्याच्या ताटात आठवी जागा पडणार. थोरल्याबरोबर गेला तर थोरल्याला पाच, मधल्याबरोबर गेला तर मधल्याला तीन. आठ मतांचा पक्ष, आणि दोन्ही घरची आमंत्रणं त्याच्या खिशात.

तो तक्ता बाहेर आल्यावर तिघांच्या चॅनलमध्ये बोलणं कमी झालं आणि दोघादोघांच्या खासगी चॅनलमध्ये वाढलं. थोरल्याने धाकट्याला एक मंत्रिपद देऊ केलं, मधल्याने सभापतिपद. दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं. धाकट्याने दोघांनाही ‘बघतो’ म्हटलं. त्याच्या जागी कोणीही तेच म्हटलं असतं.

याद्या भरायच्या मुदतीच्या दोन दिवस आधी तोडगा निघाला: अर्धी अर्धी टर्म. आठवी जागा पहिले तीन आठवडे थोरल्याकडे, मग तो सदस्य राजीनामा देणार आणि मधल्याचा माणूस बसणार. कागदावर उत्तम. पण सिम्युलेशनमध्ये राजीनामा दिला की जागा कोणाला द्यायची हे करार ठरवत नाही, यादी ठरवते. यादीतलं पुढचं नाव आपोआप आत येतं. म्हणजे नवव्या क्रमांकावर मधल्याचं नाव असणं हा त्या तोडग्याचा एकुलता एक खिळा होता.

यादी भरण्याचं काम थोरल्याकडे होतं. त्यांनी शेवटच्या तासात भरली, आणि भरली ती तोडग्याच्या आधीची प्रत. नवव्या क्रमांकावर थोरल्याचा माणूस, दहाव्यावर मधल्याचा. दोन्ही प्रतींच्या फाइलची नावं सारखी, फक्त शेवटी आकडा वेगळा. मुदत संपली की यादीला कुलूप लागतं आणि मॉडरेटर ते कोणासाठीही उघडत नाहीत. उघडूही नये. भरलेल्या यादीचा स्क्रीनशॉट तिघांच्या चॅनलवर टाकायची पद्धत आम्ही ठेवली असती तर मुदतीच्या आत चूक पकडली गेली असती. निवडणूक झाली, ५१ मतं पडली, समोरच्यांची मतं होती तिथेच राहिली, आठ जागा आल्या. त्या आनंदात यादी कोणी पुन्हा उघडून पाहिली नाही.

तीन आठवड्यांनी आठव्या जागेवरच्या थोरल्याच्या सदस्याने ठरल्याप्रमाणे राजीनामा दिला. सिस्टीमने नववं नाव बसवलं. ते थोरल्याचं निघालं. मधल्याला ही चूक वाटणं अशक्यच होतं.

दुरुस्ती सोपी होती: नवव्यानेही राजीनामा द्यायचा, मग दहावा येतो, तो मधल्याचा. पण राजीनाम्यानंतर नवीन सदस्य मतदानाला पात्र व्हायला ४८ तास लागतात, तेवढा वेळ जागा रिकामी, आणि त्याच ४८ तासांत अर्थसंकल्पाचं मतदान उघडं होतं. आठातून एक गेला की सात विरुद्ध सात, आणि आमच्या नियमांत बरोबरी म्हणजे प्रस्ताव पडला. अर्थसंकल्प पडला की सरकार पडलं. म्हणून थोरला म्हणाला, मतदान होऊ दे, मग राजीनामा देतो. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. मधल्याला त्यात फक्त ‘नंतर’ ऐकू आलं, कारण महिनाभर तो तेच ऐकत आला होता. मतदानाची तारीख दोन दिवस पुढे ढकलायचा अधिकार सभापतीला होता. तो कोणीच मागितला नाही. व्हिप काढण्यात सगळे गुंतले होते.

मधल्याचे दोन्ही सदस्य तटस्थ राहिले. सहा विरुद्ध सात. अर्थसंकल्प पडला, त्याच्याबरोबर सरकार.

तटस्थ मत निरुपद्रवी समजलं जातं. एका जागेच्या बहुमतात ते विरोधी मताइतकंच जड असतं. आमच्याकडे पर्यायी नेता निवडल्याशिवाय सरकार पाडता येणार नाही असा नियमही नव्हता. जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, कलम ६७ मध्ये तो आहे, आणि तिथे तो वापरून सरकार बदललं ते एकदाच, १ ऑक्टोबर १९८२ रोजी. तो नियम असता आणि पडलेला अर्थसंकल्प दुसऱ्यांदा मांडता आला असता, तर मधल्याला राग काढायला एक मतदान मिळालं असतं आणि सरकार उभं राहिलं असतं.

पुढच्या टर्मला मधला आणि धाकटा एकत्र आले. या वेळी करारात पद्धतीचं नाव आहे, यादीतली पहिली दहा नावं क्रमासह ठरवायची असं आहे, आणि भरलेली यादी मुदतीच्या एक दिवस आधी दोघांनी पाहायची असंही आहे. जुन्या आकड्यांवर त्यांच्या चार जागा येतात. डी हाँट लावा की मोठा शेष, वाटणी तीन आणि एकच निघते. आठवडाभर कुरबुर नव्हती. मग यादीचा क्रम लावायला बसल्यावर दुसऱ्या क्रमांकावर गाडं अडलं: १६ ला दोनने भागून आठ, आणि ८ ला एकने भागूनही आठच.