थेंब केवढा काढायचा?

नववीला 'पृथ्वीवरचं पाणी' या विषयावर इन्फोग्राफिक, म्हणजे आकडे चित्रातून दाखवणारा तक्ता, करायला दिलं होतं. अशा प्रकल्पांचं काय होतं ते शिक्षकांना सांगायला नको. मुलं मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला तयार साचा उचलतात, आकडे भरतात, प्रिंट काढतात. पहिल्या गटानं तेच आणलं. दोन देखणे निळे थेंब, मोठ्यावर 'खारं पाणी 97.5 टक्के' आणि लहानावर 'गोडं पाणी 2.5 टक्के'. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

एका मुलीनं मात्र ती प्रिंट मागून घेतली. एरवी ही तासाला तोंड उघडत नाही, गणितात जेमतेम काठावर पास होते. तिनं खिडकीच्या काचेवर प्रिंट धरली, वर आलेखकागद ठेवून दोन्ही थेंब गिरवले आणि चौकोन मोजायला बसली. अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर एक धरायचा, लहान असेल तर सोडून द्यायचा, ही खालच्या वर्गात शिकलेली रीत. मोजून झाल्यावर म्हणाली, "बाई, मोठा थेंब लहानाच्या चौपटच भरतोय. एकोणचाळीसपट पाहिजे ना?"

97.5 ला 2.5 नं भागा, 39 येतात. साच्यातल्या मोठ्या थेंबाची उंची लहानाच्या दुप्पट होती. उंचीबरोबर रुंदीही दुप्पट होते, म्हणून क्षेत्रफळ चौपट. साच्याला आकड्यांशी देणंघेणं नसतं. काहीही भरा, थेंब तेवढेच राहतात.

त्या दिवशीचा नेमलेला भाग मी बाजूला ठेवला. एक मुलगा फळ्याशी आला आणि म्हणाला, उंचीच 39 पट करू. लहान थेंब एक सेंटिमीटर, मोठा 39 सेंटिमीटर. काढून झाल्यावर वर्ग स्वतःच ओरडला की हे फार झालं. झालंच होतं, कारण क्षेत्रफळ 1521 पट झालं होतं. मग कुणीतरी हळूच 'वर्गमूळ' म्हणालं. 39 चं वर्गमूळ साधारण 6.25. म्हणजे लहान थेंब 1.6 सेंटिमीटर उंच, तर मोठा 10. वर्गमूळ कशाला शिकायचं, असं वर्षभर विचारणारी मुलं त्या तासाला पट्टी घेऊन ते वापरत होती. मी त्यांना फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या 1858 मधल्या आकृतीबद्दल सांगितलं. क्रिमियन युद्धातल्या सैनिकांचे महिन्यागणिक मृत्यू तिनं पाकळ्यांनी दाखवले. टाळता येण्याजोग्या आजारांचे निळे, जखमांचे लाल. तिथेही मृत्यूंची संख्या पाकळीच्या क्षेत्रफळात आहे, लांबीत नाही.

एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, थेंब काय चपटा असतो का?" खरंच, थेंब म्हणजे घनफळ. मग घनमूळ घ्यायचं, आणि 39 चं घनमूळ जेमतेम 3.4. लहान थेंब तीन सेंटिमीटर उंच झाला! दोन्ही हिशेब बरोबर आणि चित्रं वेगळी. वर्गात दोन तट पडले. आकडे झाकून दोन्ही चित्रं शेजारच्या वर्गातल्या मुलांना दाखवली, तेव्हा घनमुळाचं चित्र पाहून त्यांनी दहा-बारा पटीच्या आसपासचे अंदाज सांगितले. डोळा कागदावरची जागा मोजतो, मनातलं घनफळ नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कार्डशीट घेऊन आली. मोठा-लहान थेंब हा प्रकारच तिनं काढून टाकला होता. एकाच मापाचे 40 थेंब, त्यातला एक रंगवलेला, कारण 2.5 टक्के म्हणजे चाळिसातला एक. ओटो नॉयराथ या ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात व्हिएन्नात हाच नियम घालून दिला होता, की जास्त दाखवायचं तर चिन्ह मोठं करू नका, चिन्हं वाढवा. हे मी तिला नंतर सांगितलं. शेजारी तिनं तो एक थेंब मोठा करून काढला होता. दोन तृतीयांशांहून जास्त भाग पांढरा, म्हणजे बर्फ. उरलेला जवळजवळ सगळा तपकिरी, म्हणजे भूजल. नद्या आणि सरोवरं मिळून गोड्या पाण्याचा अर्धा टक्काही भरत नाहीत; तेवढ्यासाठी तिला पेन्सिलीचं टोक जाड पडलं, म्हणून टाचणीनं भोक पाडलं होतं.

प्रदर्शनात परीक्षकांनी त्या तक्त्यावर 'रंगसंगती फिकी' असा शेरा मारला. बक्षीस दोन निळ्या थेंबांना गेलं. मूल्यमापनाच्या तक्त्यात शीर्षक, सजावट, नीटनेटकेपणा यांना गुण आहेत, प्रमाणाला रकानाच नाही. इन्फोग्राफिकचा जीवच प्रमाणात असतो आणि आपण ते रांगोळीसारखं तपासतो. याचा मला अजून राग आहे.

पण त्याहून जास्त तिचा नंतरचा प्रश्न डोक्यात आहे. "बाई, त्यांनी आकडे तर बरोबर लिहिलेत. मग ते चित्र खोटं म्हणायचं का?" लिहिलेलं खरं आहे आणि दिसणारं खोटं आहे, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. बघणारे कशावर विश्वास ठेवतात, ते सांगा म्हणाली. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

पुढच्या प्रकल्पापासून रंग भरण्याआधी कागदाच्या मागे प्रमाणाचा हिशेब लिहायचा, असं मी ठरवलंय. एक सहकारी म्हणतात, याने गणितात कच्ची असलेली मुलं घाबरतील. चौकोन मोजायला बसलेली मुलगी त्याच कच्च्यांतली होती, हे मी त्यांना सांगितलंय.