सातवं दुकान, तीच यादी

ओपनिंग ऑर्डर म्हणजे सेल्समनची दिवाळी. एरवी चार नग घालायला दुकानदाराच्या नाकदुऱ्या काढायच्या, आणि इथे अख्खं दुकान रिकामं, फळ्यांना अजून रंगाचा वास. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, धुण्याची पावडर, ब्लेड, सगळं एकदमच लागणार. माझ्या बीटवरच्या, म्हणजे ठरलेल्या फेरीतल्या, एका वस्तीतलं हे सातवं दुकान. सातही दुकानं चालत दहा मिनिटांत बघून होतात आणि सातही माझीच गिऱ्हाइकं.

दुकानवाल्या ताई म्हणाल्या, “दादा, मला यातलं फार कळत नाही. बाकीच्यांकडे जे चालतं तेच द्या.”

लोकांना वाटतं ऑर्डर दुकानदार देतो. निम्मी ऑर्डर ॲप देतं. आसपासच्या दुकानांची बिलं बघून ते ‘सुचवलेली ऑर्डर’ काढतं, आम्ही फक्त होकार भरतो. मी बटण दाबलं. चौतीस आयटम. बाकीच्या सहा दुकानांत आहेत तेच चौतीस.

बिल होतंय तेवढ्यात एक आजी दारात आल्या. “शर्टाची बटणं आहेत का गं? पांढरी, चार भोकांची.”

ताई म्हणाल्या, दुकान अजून सुरू व्हायचंय.

“सहा दुकानं फिरून आले. जिथे जावं तिथे साबण,” असं म्हणून आजी वळल्या.

मी खाली मान घालून नग मोजत राहिलो. कारण बटणं कुठे गेली ते मला माहीत होतं.

या वस्तीतलं पहिलं दुकान काकांचं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीला छोटे छोटे लाकडी खण होते आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचा एक नमुना लावलेला. दोऱ्याने बांधलेलं बटण, टोचून ठेवलेली सेफ्टी पिन, फ्यूजच्या तारेचं वेटोळं, पेनाची रिफील. चिठ्ठ्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी काकांना विचारलं होतं, “वर्षाला किती बटणं विकता? त्याच जागेत आमचा रॅक लावा, कंपनी दरमहा भाडं देईल.” काका आठ दिवस तयार नव्हते. नवव्या दिवशी खण उतरवून पोत्यात भरले, त्या भिंतीला आमचा रॅक लागला आणि त्या महिन्यात माझं डिस्प्लेचं टार्गेट सर्वांत आधी पुरं झालं. ते काम मी फार छान केलं होतं, हे आजही नाकारता येत नाही.

काकांचं दुकान एकटं होतं तेव्हा शाम्पूच्या दोन पेट्या आठवड्याला सहज जायच्या. नंतर सहा दुकानं झाली तरी सगळी मिळून दोनच पेट्या जात होत्या, फक्त पेटी फोडून कुणाला चार, कुणाला सहा बाटल्या. गाडी तेवढीच फिरते, थांबे सहापट. दुकानात शिरलो की मी आधी बाटलीच्या खांद्यावरून बोट फिरवतो. धूळ लागली की माल हलत नाही, मालक काहीही सांगो. मग बॅच नंबर बघायचा. गेल्या खेपेला होता तोच बॅच पुढेच उभा असेल तर समजायचं, मागच्या बाटल्यांना कुणी हातही लावलेला नाही. महिन्याअखेरीस सहाही दुकानांतून ‘एक्सपायरी जवळ आली, परत न्या’ सुरू होतं आणि क्लेमचे फॉर्म भरत मी रात्री अकरापर्यंत बसतो. वर ऑफिसात मात्र सगळं हिरवं, कारण तिथे बिल झालेली दुकानं मोजतात.

आमच्या साहेबांनी मागे ट्रेनिंगमध्ये हॅरल्ड हॉटेलिंग सांगितला होता. या अर्थशास्त्रज्ञाने 1929 मध्ये मांडलं की एका रस्त्यावर सारखा माल विकणारे दोघे एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायला सरकत सरकत मधोमध येऊन चिकटतात. पाठोपाठ जपानचं उदाहरण. सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीचं तिथलं पहिलं दुकान 1974 मध्ये टोकियोतल्या तोयोसूला उघडलं आणि पुढे त्यांनी एकेका भागात मुद्दाम दाटीने दुकानं काढली, म्हणजे मालाच्या गाडीची फेरी आखूड होते. “दाटी बघून घाबरू नका,” साहेब म्हणाले. साहेबांना स्लाइडपुढचं कधी दिसत नाही. तिथे फेरी वाचली तर कंपनीची वाचते. आमच्या वस्तीत सात मालक आहेत, सात ठिकाणचं भांडवल अडकलंय आणि गाडीचं डिझेल डिस्ट्रिब्यूटरचं.

त्या आजींनंतर मी हॉटेलिंगबद्दल स्वतः वाचलं. दुकानंच नाही, मालही एकसारखा होत जातो, हेसुद्धा त्याने त्याच लेखात म्हटलंय. पुढे 1937 मध्ये लर्नर आणि सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की तिसरा आला की कुणीच जागेवर स्थिर राहत नाही, मधला चेपला जातो आणि उडी मारून बाहेर पडायला बघतो. पण उडी मारायला वेगळा माल लागतो आणि वेगळा माल माझ्या यादीत नाही. सातही दुकानांत यादी घेऊन जाणारा मी एकच.

तीन आठवड्यांनी ताईंकडे दुसरी ऑर्डर घ्यायला गेलो. बोट फिरवलं. धूळ. ॲप पुन्हा शाम्पूच सुचवत होतं. तो मी काढून टाकला. ताई म्हणाल्या, “दादा, त्या आजी परत आल्या होत्या. बटणं ठोक कुठे मिळतात हो?”

सोळा वर्षं या लाइनला आहे, पण मला सांगता येईना. म्हणून काकांकडे गेलो. खणांचं पोतं अजून माळ्यावरच होतं. पत्ता सांगतो म्हणाले, पण आधी मला विचारलं, “तुझा रॅक कधी नेतोस?”

करारानुसार अजून पाच महिने आहेत.