मांडव, छाटणी आणि व्हिटर्बी

ऑक्टोबरात दोन दिवस तासगावकडं घरी गेले होते. बागेत फळछाटणी चालू होती आणि माझ्या पिशवीत कोडिंग थिअरीच्या (वाटेत बिघडलेला निरोप परत ओळखता यावा, अशा तऱ्हेनं तो लिहिण्याचं शास्त्र) पेपरांचा गठ्ठा. संध्याकाळी पडवीत तपासत बसले होते, तर अण्णा चहाचा कप घेऊन शेजारी आले. एका पेपरात टिंबांच्या रांगा आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या रेघांचं जाळं होतं.

"हे काय काढलंय पोरानं?"

"मांडव," मी म्हटलं. इंग्रजीत या जाळ्याला ट्रेलिस म्हणतात, त्याला दुसरा शब्द माझ्या तोंडी आलाच नाही. वर्गातही मी तोच वापरते, आणि द्राक्षपट्ट्यातली पोरं हसतात.

अण्णांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "मांडव कसला? फांद्या फुटून परत एकमेकींत मिळायल्यात. वेल असं करतो व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. झाडाच्या फांद्या फुटतात त्या फुटतातच, आणि आधी हे कोड झाडासारखेच काढायचे: प्रत्येक बिटाला, म्हणजे ० किंवा १ ला, दोन फांद्या. शंभर बिटांचा निरोप असेल तर टोकाला एकतीस आकडी संख्येइतक्या फांद्या! अमेरिकन अभियंते डेव्हिड फोर्नी यांच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच फांद्या पुढं एकसारख्याच वाढतात, मग वेगळ्या कशाला काढायच्या? त्या जिथं सारख्या होतात तिथं जोडून टाकल्या आणि त्या जाळीला त्यांनी ट्रेलिस म्हटलं. अण्णांना मी सांगितलं, वेल नको बघू, मांडवाच्या तारा बघ. तारा एकमेकींना मिळतात की.

मग फवारणीच्या वहीचं मागचं पान उलटलं आणि पेपरातलंच गणित काढलं. कोडरला, म्हणजे निरोपाचा कोड करणाऱ्या यंत्राला, फक्त मागचे दोन बिट आठवतात, म्हणजे अवस्था चारच: ००, १०, ०१, ११ (अलीकडचा बिट आधी लिहायचा). नवा बिट आत गेला की दोन बिट बाहेर पडतात. पहिला म्हणजे तिन्ही बिटांची बेरीज, दुसरा म्हणजे नव्या आणि सगळ्यांत जुन्या बिटाची. बेरीज सम आली तर ०, विषम आली तर १. निरोप १०११, शेवटी शेपटीला दोन शून्यं. बाहेर पडलं ११ १० ०० ०१ ०१ ११. वाटेत दोन बिट बिघडले आणि पोचलं ११ ०० ०० ०१ ०० ११.

आता यावरून मूळ निरोप ओळखायचा. आलेल्या दर जोडीला चार टिंबांचा (चार अवस्थांचा) एक उभा रकाना, आणि प्रत्येक टिंबावर एक आकडा: इथवर येणाऱ्या वाटेचं आलेल्या बिटांशी किती ठिकाणी जमत नाही. तिसऱ्या रकान्यात १० या टिंबावर दोन वाटा येतात. एक ००१ ची (म्हणजे निरोपाचे पहिले तीन बिट ००१ असतील तर), तिच्या चार चुका. दुसरी १०१ ची, तिची एक. चारवाली खोडली.

"खोडली म्हंजे? कायमची?"

"कायमची."

"काडी तपासल्याबिगर?"

इथं अण्णांनी नेमकं बोट ठेवलं. फळछाटणीच्या आधी आमच्याकडं काड्या तपासायला नेतात, कुठल्या डोळ्यात घड आहे ते बघायला. पुढं काय येणार हे कळल्याशिवाय कात्री लावायची नाही. आणि मी तर पुढचे तीन रकाने न बघताच छाटत होते.

पण त्या टिंबावर पोचल्यावर दोन्ही वाटांचं पुढचं भविष्य तंतोतंत एकच असतं. कोडरला मागचे दोनच बिट आठवतात आणि ते दोघींचे सारखे आहेत. पुढं जे काय फुटेल ते दोघींनाही फुटेल, चुकाही सारख्याच वाढतील, चारवाली एकवालीला कधीच गाठणार नाही. म्हणून तपासायला उरतो तो फक्त भूतकाळ. अभियंते अँड्र्यू व्हिटर्बी यांनी ही रीत १९६७ साली मांडली ती कोडच्या चुकांची मर्यादा सिद्ध करण्यासाठी. यंत्रात ती खरोखर चालेल असं त्यांना तेव्हा वाटत नव्हतं. दहा वर्षांनी निघालेल्या व्हॉयेजर अंतराळयानांच्या कोडच्या मांडवात दर रकान्याला ६४ टिंबं आहेत. प्रत्येक पावलाला १२८ वाटा येतात आणि ६४ छाटल्या जातात.

चौथ्या रकान्यात ०० वर तीन आणि तीन अशी बरोबरी येते. पोरं इथं हमखास अडकतात. एकानं पेपरात चक्क लिहिलं होतं, "टाय झाल्यामुळे उत्तर काढता येत नाही." अहो, कुठलीही ठेवा! आपल्याला बरोबर वाट हवी आहे आणि ती यातली नसेलही. या गणितात नाहीच: शेवटच्या टिंबावर दोनवाली आणि पाचवाली समोरासमोर येतात, आणि दोनवालीचा माग काढत मागं गेलं की १०११ सापडतो. (त्या पोराला अर्धे मार्क दिले. रकाने निदान सरळ काढले होते.)

अण्णा दमले होते, मी नाही. आमच्या अभ्यासक्रमात मांडव कन्व्होल्यूशनल कोडबरोबर (वरच्यासारखा, मागचे बिट आठवत जाणारा) येतो आणि तिथंच संपतो, याची मला कायम चुटपूट लागते. ठरावीक लांबीच्या ब्लॉक कोडलाही मांडव घालता येतो, हे १९७४ आणि १९७८ च्या शोधनिबंधांत आलंय. आठ बिटांचा वाढीव हॅमिंग कोड घ्या. त्यात चालणारे शब्द सोळाच. बिट एका क्रमानं मांडले तर रकान्यांतली टिंबं होतात १, २, ४, ८, ४, ८, ४, २, १. क्रम बिघडवला तर १, २, ४, ८, १६, ८, ४, २, १. कोडची ताकद तीच, फक्त कुठला बिट कुणाच्या आधी उभा केला एवढ्यावरून मधल्या रकान्यात ४ ऐवजी १६! पहिल्या चार जागांवर सगळे १ आणि बाकी सगळे ० असा शब्द कोडमध्ये असेल, तर तिथं मांडवाची कंबर बारीक होते. छोट्या कोडला हे हातानं जमतं, पण मोठ्या कोडला सगळ्यांत चांगला क्रम शोधणं महाकठीण. हे मी दरवर्षी अभ्यासक्रमाबाहेर पंधरा मिनिटं काढून शिकवते. वाईट क्रम आधी काढते, म्हणजे सोळा टिंबांना फळा पुरत नाही आणि पोरं स्वतःच कुरकुरायला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना वही उघडी दिसली. माझ्या चार टिंबांच्या मांडवावरच अण्णांनी गंधकाचं प्रमाण आणि छाटणीच्या मजुरांचा हिशेब मांडला होता. शेवटच्या रकान्यातला दोन त्या हिशेबात मिळवला गेला होता की काय, म्हणून मी बेरीज एकदा करून बघितली. नव्हता.