भाच्याचा पीसी हँग का होत होता

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत भावाचं घर आहे. मी यार्डातल्याच एका अडत दुकानात हिशेब बघते, त्यामुळे कॉम्प्युटरचं काहीही बिघडलं की वहिनीचा फोन मलाच. या वेळी भाच्याचा गेमिंग पीसी. गेम सुरू केला की थोड्या वेळात चित्र जागच्या जागी थांबायचं आणि स्पीकरमधून एकच आवाज घासत राहायचा. माऊस हलत नाही, काही नाही. "वन्सं, तेवढं बघा की. सारखा त्या डब्यापुढं टेबल फॅन लावून बसतोय, आमाला वारंच नाही."

दुकानदारानं आधीच निदान सांगून ठेवलं होतं: हीट होतोय, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला, नाहीतर पॉवर सप्लाय घाला. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान ८४ दिसत होतं, त्यामुळे भाच्यालाही ते पटलेलं. मला नाही पटलं. त्याच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. तिथं पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद पडतं. आवाज घासत चित्र थिजणं ही त्याची सवय नव्हे. शिवाय सांगलीत एप्रिलमध्ये खोलीच ३८ अंशांवर असते. यूट्यूबवरचे लोक एसीत बसून ६८ आकडा दाखवतात, त्याच्याशी आपला आकडा कशाला ताडायचा? फॅननं गार करायचं म्हणजे खोलीतल्याच हवेनं. खोली तेरा-चौदा अंशांनी गरम असेल तर आतलं सगळंच साधारण तेवढं वर जाणार.

आधी डबा उघडला. पुढच्या फिल्टरवर पिवळा थर! हंगामात यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की पोती हलतात, गाड्या भरतात, आणि ती बारीक हळद आख्ख्या गल्लीत उडते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण तीच हळद फॅनच्या पात्यांवर बसली की हवा आत येणार कुठून? सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद टिकायची ती आत हवा जात नसे म्हणून. भाच्याच्या कॅबिनेटचंही पेवच झालं होतं, त्यात पुढं जाळीऐवजी काच. ब्लोअरनं साफ केलं, फॅनची पाती बोटानं धरून, कारण ब्लोअरच्या वाऱ्यानं ती गरगरली की बेअरिंगची वाट लागते.

तापमान उतरलं. पीसी तरीही हँग झाला, फक्त उशिरा.

मग वेगवेगळं तपासायला घेतलं. सिनेबेंचनं नुसता प्रोसेसर पिळला, काही झालं नाही. फरमार्कनं नुसतं ग्राफिक्स कार्ड, ३०६०, तेही निवांत. रात्रभर मेमटेस्ट८६ लावलं, रॅम स्वच्छ. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होती, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती नोंद सांगत नाही. हँग होण्याच्या क्षणाची तर एक ओळसुद्धा नव्हती.

चहा घेताना भाचा सहज बोलून गेला, "आत्या, रिसेट मारल्यावर कधीकधी बूट डिव्हाइस नाही म्हणतंय. स्विच बंद करून थांबलं की परत येतंय."

अरे, हे आधी सांगायचं नाही का!

म्हणजे विंडोज असलेली डिस्क, एसएसडी, मशीनला सापडत नव्हती. रिसेटनं एसएसडीची वीज तुटत नाही, त्यामुळे अडकलेली एसएसडी अडकलेलीच राहते. मेन स्विच बंद केला की ती गारही होते आणि नव्यानं सुरूही होते. आणि विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच गायब झाली तर नोंद लिहिणार कुठं? म्हणून तापमानं नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोचा लॉग पेन ड्राइव्हवर लिहायला लावला, फरमार्क चालू ठेवलं आणि त्याच एसएसडीवर एका गेमचं भलंमोठं फोल्डर कॉपी करायला घेतलं. हँग. लॉगच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ७४, कार्ड ७६, एसएसडी ८८. बहुतेक एसएसडींच्या कागदावर ७० अंशांपर्यंतच काम करायची मर्यादा लिहिलेली असते.

मदरबोर्ड स्वस्तातला बी५५०. एसएसडी बसवलेला पहिला एम.२ स्लॉट प्रोसेसर आणि कार्डाच्या मधोमध, कार्डाच्या पाठीला लागून, वर उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी, हीटसिंक, नाही. कार्डाची सगळी धग तिथंच. नुसत्या फरमार्कमध्ये डिस्कला काम नसतं, सिनेबेंचमध्ये कार्डाला नसतं. गेममध्ये दोन्ही एकदम.

इलाज किरकोळ निघाला: थर्मल पॅडसकट साधा ॲल्युमिनियमचा हीटसिंक. पॅडवरचं प्लॅस्टिक सोलून मग बसवायचा, नाहीतर उपयोग शून्य. एसएसडी खालच्या दुसऱ्या स्लॉटात हलवायचाही विचार होता, पण या बोर्डावर तो स्लॉट वापरला की हार्ड डिस्क जोडायचे दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि त्यातल्याच एकावर भावाच्या लग्नाचे फोटो असलेली जुनी हार्ड डिस्क आहे. ती हलवायला वहिनी परवानगी देईना. कार्डावर मात्र आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला साठ फ्रेमची मर्यादा टाकली, मॉनिटरच साठ हर्ट्झचा असताना त्याहून जास्त फ्रेम काढून नुसती उष्णताच वाढते.

आता गेममध्ये एसएसडी ६५ च्या आसपास राहते. प्रोसेसर अजूनही ८० च्या वर जातो, आणि भाचा त्यासाठी लिक्विड कूलर मागतोय. त्याला सांगितलंय, ते पैसे जाळीच्या कॅबिनेटला ठेव, आणि सौदे चालू आहेत तोवर फिल्टर दर रविवारी झटक.